वाडा टिकवायचा म्हणता, पण त्यात राहतंय कोण?

पत्राचा सारांश (ओळख पटेल असा तपशील गाळून):

नागपूरच्या महाल भागातल्या एका अरुंद गल्लीत आमचा दुमजली लाकडी वाडा आहे. आजेसासऱ्यांच्या वडिलांनी बांधला असं घरात सांगतात, म्हणजे शंभर वर्षं तरी झालीच. पुढे देवडी, मग चौक, चौकाभोवती सागाचे खांब, वर माडी आणि त्यावर कवेलू, म्हणजे कौलं. आता त्यात मी, माझे पती आणि ८४ वर्षांच्या सासूबाई एवढेच राहतो. एक दीर रायपूरला, एक पुण्यात, नणंद अमरावतीला. मागची माडी दोन पावसाळ्यांपासून गळते. खांबाला उधई लागली आहे. संडास-न्हाणी चौकापलीकडे असल्याने सासूबाईंना रात्री हात धरून न्यावं लागतं. एका बिल्डरने वाडा पाडून पाच मजली इमारत बांधायचा आणि प्रत्येकाला एक फ्लॅट द्यायचा प्रस्ताव ठेवला आहे. त्याने आणलेला इंजिनिअर म्हणाला, वाडा पुढचा पावसाळा काढणार नाही. पती गप्प आहेत. दीर आणि नणंद म्हणतात, ‘आबांचा वाडा आहे, हेरिटेज आहे, पाडायचा नाही.’ पुतण्याने इंस्टाग्रामवर वाड्याचे फोटो टाकले, लोकांनी खूप कौतुक केलं. मला मात्र ऊन येणारं स्वयंपाकघर आणि घरातला संडास हवा आहे. असं वाटणं म्हणजे मला वारशाची किंमत नाही असं आहे का? शंभर वर्षं झालेलं घर पाडणं कायद्यात बसतं का? की सरकार ते ताब्यात घेईल?

ताई, नमस्कार.

ठेवायचा की पाडायचा, ते नंतर बघू. आधी मागची माडी रिकामी करा. तिच्यावरच्या पत्र्याच्या पेट्या, कोठ्या, जुनी भांडी, जे काही जड असेल ते खाली आणा. तिच्याखाली कोणी झोपत असेल तर अंथरूण पुढच्या खोलीत हलवा. उधई लागलेल्या खांबाच्या दोन्ही बाजूंना तुळईखाली टेकू लावून घ्या. सेंट्रिंगवाल्यांकडे लोखंडी टेकू भाड्याने मिळतात. घरच्यांची चर्चा वर्षभर चालेल. तोवर कोणाच्या अंगावर काही पडायला नको.

आता तुमच्या मनाला लागलेल्या गोष्टीकडे येते. तुमच्या पत्रात वाडा पाडू नका म्हणणारी माणसं तीन, आणि तिघांच्याही घरात झोपायच्या खोलीला लागून संडास असणार. त्यांच्या प्रेमाबद्दल मला शंका नाही. ज्या चौकात माणूस लहानाचा मोठा झाला, ज्या सज्जातून दर वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पिवळ्या मारबतीची मिरवणूक पाहिली, तो चौक आणि तो सज्जा राहावा असं वाटणारच. पण लाकडी घर नुसत्या आठवणींवर उभं राहत नाही. मेमध्ये कवेलू फेरणाऱ्याला शोधून आणणं, माकडांनी फोडलेली कवेलू बदलून घेणं, गळतीखाली पातेली मांडणं, उधईच्या मातीच्या रेघा दिसल्या की पुसून काढणं, हे सगळं लग्न होऊन आल्यापासून तुम्ही करताय. ज्याला लोक वारसा जतन म्हणतात ते याहून वेगळं काही नसतं. तुम्हाला वारशाची किंमत आहे का, असं स्वतःला विचारण्याची वेळ तुमच्यावर यावी, याचं मला वाईट वाटलं. ऊन हवंय म्हटल्याने तुम्ही कोणाच्या आबांचा अपमान करत नाही.

मात्र तुम्हीही काही गोष्टी पारखून न बघता मान्य करून टाकल्यात, असं पत्र वाचताना वाटलं. वाडा मरणपंथाला लागलाय ही एक. ऊन आणि संडास हवा तर वाडा पाडायलाच लागेल ही दुसरी. आणि बिल्डर म्हणतो तेवढं त्या जागेवर बांधता येतं ही तिसरी.

पहिलीवर थोडं सविस्तर बोलते, कारण बाकी सगळं तिच्यावर अवलंबून आहे.

इंजिनिअरने बहुधा तुम्हाला भिंतीतल्या भेगा दाखवल्या असतील. स्लॅब-कॉलमच्या इमारती बघायची सवय असलेल्या डोळ्याला भेग म्हणजे धोका वाटतो. तुमच्यासारख्या वाड्याचा हिशोब निराळा आहे. वजन पेलतात ते खांब आणि त्यांच्यावरच्या तुळया. दोन खांबांमधली भिंत बहुतेक ठिकाणी नुसता भराव असते. ती फुगली, तडकली तर उतरवून पुन्हा बांधता येते, माडी तिच्या भरवशावर उभी नसते. बाहेरच्या जाड भिंतींचं तसं नाही. अनेक वाड्यांत कडीपाटाच्या (लाकडी छताच्या) कड्यांची टोकं थेट त्या भिंतींत गेलेली असतात, म्हणून तिथला तडा गांभीर्याने घ्यायचा. कोणती भेग कुठली आहे हे न सांगता ‘पावसाळा काढणार नाही’ म्हणणाऱ्याचं ऐकून निर्णय घेऊ नका.

लाकडाला खरं दुखणं होतं ते पायाशी आणि भिंतीत गेलेल्या टोकाशी. चौकातल्या एखाद्या खांबाजवळ बसून बघा. जुन्या सुतारांनी खांब दगडी तळखड्यावर उभा केलेला असणार, जमिनीची ओल लाकडात चढू नये म्हणून. पुढे घरोघरी सिमेंटचा कोबा आला, मग फरशी आली. जमीन चार बोटं वर चढली आणि तळखडा पुरला गेला. आता खांबाचा पाय फरशीच्या खाली जातो आणि रोज फरशी धुतली की पाणी त्याच्याभोवती मुरतं. शंभर वर्षं शाबूत राहिलेला साग त्यानंतरच्या तीस वर्षांत कुजतो, तो असा.

दुसरं कारण आपल्या नागपूरच्या उन्हाळ्याचं आहे, ते म्हणजे कूलर. मार्चअखेर तो खिडकीत बसतो आणि जूनपर्यंत त्याचं पाणी थेंब थेंब चौकटीतून खालच्या तुळईच्या टोकात झिरपत राहतं. बाकी घर ठणठणीत कोरडं आणि नेमकी कूलरच्या खिडकीखालची तुळई भिंतीत कुजलेली, हे मी कितीतरी वाड्यांत पाहिलंय. कूलर खिडकीपासून वेगळ्या लोखंडी स्टँडवर, खाली पत्र्याचा ट्रे ठेवून आणि पाण्याला नळी काढून बसवला, तर हा त्रास कायमचा थांबतो. खर्चही फारसा नाही.

खांब कितपत गेलाय हे घरच्या घरी पाहता येतं. एक जाड पेचकस घ्या. खांबाच्या पायाशी, जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत, चारही बाजूंनी दाबून बघा. सागाचा गाभा चांगला असेल तर टोक आत जात नाही, फार तर ओरखडा उठतो. कुजलेल्या लाकडात ते बोटभर सहज शिरतं. मग लाकडी हातोडीने खालून वर हलकं ठोकत जा. भरीव लाकूड टणक वाजतं, पोखरलेलं बद्द वाजतं. जिथे आवाज बदलतो तिथे खडूने रेघ मारा आणि सगळ्या खांबांवर अशा रेघा मारून झाल्या की चौकात उभं राहून बघा. रेघ गुडघ्याच्या आत असेल तर खांब गेलेला नाही, फक्त त्याचा पाय गेलाय. तुळई जॅकवर घेऊन, कुजलेला भाग कापून, त्या जागी जुन्याच सागाचा तुकडा खाचेत खाच बसवून जोडता येतो आणि खाली तळखडा पुन्हा उघडा करता येतो. रेघ छातीपर्यंत जात असेल, किंवा एकाच बाजूचे दोन-तीन खांब बद्द वाजत असतील, तर मामला गंभीर आहे आणि त्या भागापुरतं इंजिनिअरचं म्हणणं खरं असू शकतं.

उधईबद्दलही घाबरून जाऊ नका. ती सागाच्या गाभ्याला सहसा तोंड लावत नाही. बाहेरचं पांढरं लाकूड आणि छपरातले हलक्या जातीचे वासे, पट्ट्या ती आधी खाते. छपराचं लाकूड बदलणं सगळ्यात सोपं असतं. ते वरचेवर बदलावं लागणार, हे बांधणाऱ्यांनाही माहीत होतं.

हे घरचं पाहणं झालं. यानंतर तुमच्या पैशाने, बिल्डरशी संबंध नसलेला स्ट्रक्चरल इंजिनिअर आणा आणि त्याला पहिलाच प्रश्न विचारा, लाकडाच्या आणि चुन्याच्या घरांचं काम केलंय का. इनटॅक या १९८४ साली स्थापन झालेल्या वारसा संस्थेची नागपूर शाखा आहे, व्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थेत वास्तुकलेचा विभाग आहे. दोन्हीकडून अशा माणसांची नावं कळू शकतील. लेखी अहवाल घ्या. ३० वर्षांहून जुन्या इमारतीची अशी तपासणी मालकाने करून घ्यायची, असं महापालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ मध्ये तसंही म्हटलेलं आहे. आणखी एक कारण आहे. कोणी तक्रार केली तर महापालिका धोकादायक इमारतीची नोटीस देऊ शकते. अशा वेळी ‘हा भाग काढा, हा दुरुस्त करा, हा ठीक आहे’ असं नेमकं सांगणारा कागद तुमच्या हातात असला की बोलता येतं. नसेल तर बाकीचेच तुमच्या घराचं भवितव्य ठरवून टाकतात.

आता ऊन आणि संडास. या दोन गोष्टींसाठी वाडा पाडायची गरज नाही. उलट या बांधणीत त्या करायला सोप्या आहेत. भिंत भरावाची असल्यामुळे दोन खांबांमधली भिंत उतरवून तिथे पूर्ण रुंदीची खिडकी बसवता येते. स्लॅबच्या घरात कॉलमला हात लावता येत नाही, इथे सुताराने नीट टेकू दिले तर अख्खा खण मोकळा होतो. स्वयंपाकघर मागच्या अंधाऱ्या खोलीत आहे ते परंपरेने, कायद्याने नाही. ते चौकाच्या बाजूच्या खणात आणा. छपराखालची खोली असेल तर कवेलूंच्या मध्ये काचेची कवेलू बसवा. संडास तळमजल्यावर, सासूबाईंच्या खोलीजवळ, पण लाकडी माडीखाली शक्यतो नको. बाहेरच्या भिंतीला लागून स्वतःच्या वेगळ्या पायावर बांधा आणि पाइप लाकडाला न शिवता बाहेरून काढा. हे काम याच वर्षी करा. पुढे वाडा विकायचा ठरला तरी करा. ८४ वर्षांच्या बाईने रात्री ओल्या चौकातून जायचं आणि पडून खुबा मोडला की घरातलं सगळं गणित बदलतं. त्या खर्चापुढे हा खर्च काहीच नाही.

भिंतींना सिमेंटचा गिलावा मात्र करू नका, कोणी कितीही आग्रह केला तरी. मातीची आणि चुन्याची भिंत ओल घेते आणि सोडते. वरून सिमेंट लावलं की ओल आत कोंडते आणि भिंतीतल्या लाकडाकडे वळते. चुन्याचा गिलावा करणारे गवंडी कमी राहिलेत, पण आहेत. आणि दुरुस्तीचा पहिला पैसा वायरिंगवर घाला. लाकडी घराला जुनी, चार ठिकाणी जोडलेली वायर उधईपेक्षा घातक.

कायद्याबद्दल तुम्ही विचारलंत. शंभर वर्षं झाली म्हणून घर आपोआप हेरिटेज होत नाही. शंभर वर्षांची अट आहे ती १९५८च्या केंद्राच्या कायद्यात, राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांसाठी, आणि तिथेही सरकारला तसं रीतसर जाहीर करावं लागतं. शहरातल्या वास्तूंसाठी वेगळी यादी असते. नागपूरची अशी यादी आहे आणि वारसा संवर्धन समितीही आहे. यादीत तीन श्रेणी असतात. पहिल्या श्रेणीतल्या वास्तूला जवळपास हात लावता येत नाही, दुसरीत काळजीपूर्वक बदल चालतात, तिसरीत बदलाला बराच वाव असतो. महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन तुमचा वाडा यादीत आहे का ते लेखी विचारा. असेल तर पाडण्याआधी किंवा मोठा बदल करण्याआधी समितीची परवानगी लागेल. पण मालकी तुमचीच राहते, सरकार घर ताब्यात घेत नाही. यादीमुळे जेवढं बांधकाम करता येत नाही त्याच्या मोबदल्यात टीडीआर, म्हणजे दुसऱ्याला विकता येणारा बांधकामाचा हक्क, मिळण्याची तरतूद राज्याच्या २०२०च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत आहे, तीही विचारून घ्या. अहमदाबादला जुन्या शहरातल्या पोळांमधल्या, म्हणजे दाट गल्लीवस्त्यांमधल्या, लाकडी घरांच्या मालकांना महापालिकेने असाच टीडीआर विकून दुरुस्तीचा पैसा उभा करायची वाट दिली. त्या जुन्या शहराला २०१७ साली युनेस्कोने जागतिक वारसा ठरवलं, तेव्हा ही राहती लाकडी घरं त्याचं मोठं कारण होती.

यादीत नसेल तर कायद्याची आडकाठी नाही. पण यादीत नाव नाही म्हणजे मोल नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. गोंड राजा बख्त बुलंद शाहाने १७०२ साली वसवलेल्या या गावात रघूजी भोसल्यांनी राजधानी आणली. त्यानंतर भोसल्यांबरोबर आलेले कारकून, सरदार, वैद्य, सावकार महाल-इतवारीत घरं बांधत गेले. राज्य खालसा झालं तरी ही बांधायची रीत चालू राहिली. लाकूड यायचं ते चांद्याकडच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरकडच्या, जंगलातलं. तुमच्या चौकातल्या खांबाला दोन्ही हातांनी कवेत घेऊन बघा. एवढ्या घेराचा, सरळ, गाठ नसलेला साग व्हायला झाडाला किती पावसाळे लागले असतील! आज बाजारात येणारा बहुतेक साग लागवडीचा, कमी वयाचा. तुळई खांबावर बसवलीय ती खिळे ठोकून नव्हे, एका लाकडाला खाच आणि दुसऱ्याला जीभ काढून. ज्यांना हे येत होतं ते हात आता मोजके राहिलेत. भोसल्यांचा वाडा, चिटणवीसांचा वाडा यांच्याकडे लोकांचं लक्ष जातं. पण महाल म्हणजे तेवढेच वाडे नाहीत. तुमच्यासारखी चार-पाच खणांची घरं एकेक करून गेली तर गल्ली राहील, महाल राहणार नाही. हे मला मनापासून वाटतं, आणि ते तुम्हाला सांगितल्याशिवाय सल्ला पुरा होत नाही.

दीर कदाचित म्हणतील, अर्धं लाकूड बदललं तर मग जुनं काय राहिलं. त्यांना जपानमधल्या इसे इथल्या देवस्थानाबद्दल सांगा. तिथलं लाकडी मंदिर दर वीस वर्षांनी पूर्ण नवीन बांधतात, शेवटचं २०१३ साली बांधलं. तिथे लाकडाइतकंच बांधायचं कसब जपलं जातं. खांबाचा पाय बदलला म्हणून आबांचा वाडा परका होत नाही.

बिल्डरच्या प्रस्तावाचं म्हणाल तर गल्ली किती रुंद आहे ते टेप लावून मोजा. किती बांधता येतं हे रस्त्याच्या रुंदीवर ठरतं, आणि अरुंद गल्लीत पाच मजले कागदावर बसतात का, हे स्वतंत्र वास्तुविशारद तासाभरात सांगू शकतो. विकास आराखड्यात तुमच्या गल्लीचं रुंदीकरण दाखवलंय का तेही बघून घ्या. केळीबाग रस्त्याच्या रुंदीकरणात महालातल्या किती घरांना मागे सरावं लागलं ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय. प्लॉट ५०० चौरस मीटरपर्यंतच असेल किंवा एकूण घरं आठपेक्षा जास्त नसतील, तर प्रकल्पाची महारेराकडे (गृहप्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाकडे) नोंदणी करणं बिल्डरला बंधनकारक नसतं. म्हणजे काम अर्धवट पडलं तर नोंदणीमुळे मिळणारी सोय तुम्हाला नाही. मग करारातच सगळं हवं: भाडं किती काळ देणार, मुदत उलटली तर काय, बँक हमी किती. आणि वाडा पाडल्यावर निघणारं लाकूड, दरवाजे, तळखडे कोणाचे, हे एका वेगळ्या कलमात लिहून घ्या. बहुतेक करारांत त्याला मलबा म्हणून मोकळं सोडतात आणि तो मलबा थेट लकडगंजातल्या लाकूडबाजारात चांगल्या भावाने विकला जातो.

आखीव पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, काढून बघा. अनेक घरांत तिच्यावर अजून आजोबांचंच नाव असतं. तुमच्या सासूबाईंचं, पतींचं, दिरांची आणि नणंदेचं अशी सगळ्या वारसांची नावं चढल्याशिवाय ना विकता येईल, ना वाटणी होईल. नणंदेचा हिस्सा भावांइतकाच असतो, हे सगळ्यांनी आत्ताच समजून घेतलेलं बरं. विकायचं ठरलं तर १ एप्रिल २००१ रोजीचं मूल्यांकन नोंदणीकृत मूल्यांककाकडून करून घ्या, भांडवली नफ्याच्या करात त्याने फरक पडतो. ज्यांच्या वाड्यात जुने भाडेकरू किंवा रस्त्याच्या बाजूला दुकानदार आहेत, त्यांनी पाडण्याचा विचार करण्याआधी वकिलाला भेटावं. त्यांचे हक्क वाडा पाडल्याने संपत नाहीत.

आता सगळ्यात अवघड भाग, घरची माणसं.

अहवाल आणि दुरुस्तीचा अंदाजित खर्च हातात आला की सगळ्यांना एकत्र बोलवा, फोनवरच्या ग्रुपमध्ये हा विषय नको. खर्चाचे दोन आकडे ठेवा: एकदाच करायच्या दुरुस्तीचा, आणि दर वर्षी कवेलू, उधई, रंग, कर यांना लागणारा. त्यातला प्रत्येकाच्या वाट्याचा आकडा वेगळा लिहा. मग शांतपणे विचारा, ‘वाडा ठेवायचा आहे ना? मलाही आवडेल. हा तुमचा वाटा. दर वर्षी मेच्या आत पाठवाल का?’ हे टोमण्यासारखं म्हणू नका, खरोखर विचारा. दोघं जण हो म्हणतील, एखादा म्हणेल की मला जमणार नाही, माझा हिस्सा तुम्ही घ्या. त्याची रीतसर किंमत द्या किंवा त्याने स्वखुशीने हक्कसोड पत्र करावं. तोंडी काही ठेवू नका. भावाभावांत पुढच्या पिढीत होणारं भांडण तोंडी ठेवलेल्यातूनच होतं. आणि त्या कागदात एक ओळ तुमच्यासाठी हवी. वाड्यात राहून त्याची निगा राखणाऱ्याचं काम हेही योगदान आहे, ते हिशोबात धरा. तुम्ही स्वतः हे म्हणायला संकोच कराल, म्हणून पतींनी म्हणावं.

ते गप्प आहेत असं तुम्ही लिहिलंत. मोठा मुलगा भावंडं आणि बायको यांच्या मध्ये सापडला की असाच गप्प होतो. पण त्यांना काय हवंय हे कोणी विचारलंय का, तेही सगळ्यांसमोर नव्हे, दोघंच असताना? सासूबाईंनाही विचारा. त्यांच्या नावाने सगळे बोलताहेत. त्या लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा हे घर त्यांचंही नव्हतं, तुमच्याइतकंच. कदाचित त्या म्हणतील, मला जिना नसलेलं, उजेडाचं घर द्या. कदाचित म्हणतील, मला इथून हलवू नका. दोन्हींपैकी काहीही असलं तरी ते ऐकून घेतलेलं बरं.

माझं मत विचाराल तर, अहवालात पुढचे बहुतेक खांब चांगले निघाले, तर देवडी, चौक आणि चौकाभोवतीची लाकडी बांधणी ठेवा. मागची कुजलेली बाजू उतरवून तिथे वेगळ्या पायावर नवं बांधा: ऊन येणारं स्वयंपाकघर, संडास-न्हाणी, सासूबाईंची आणि तुमची खोली. मागून निघालेलं चांगलं लाकूड पुढच्या दुरुस्तीला लागतं, त्यामुळे खर्चही आवाक्यात येतो. पण हे सगळं भावंडांचे पैसे खरोखर आले तरच. तुमच्या पतींची भविष्यनिर्वाह निधीची रक्कम एकट्याने या घरात घालू नका, कितीही जीव गुंतला असला तरी.

पैसे आले नाहीत तर वाडा जाऊ द्या, आणि मनात काही ठेवू नका. तेव्हाही दोन कामं करा. पाडण्याआधी वाड्याचं मोजमाप घेऊन नकाशे आणि फोटो करून ठेवा. वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांना असं काम अभ्यासात असतं, कॉलेजला पत्र लिहून विचारा. दुसरं म्हणजे जेसीबी लावू देऊ नका. लाकडी सांगाडा क्रमांक घालून, माणसं लावून उतरवता येतो आणि दुसरीकडे उभाही करता येतो. चेन्नईजवळचं दक्षिणचित्र हे संग्रहालय १९९६ साली सुरू झालं, तिथे दक्षिणेतली जुनी घरं अशीच उतरवून आणून पुन्हा उभी केली आहेत. एवढं जमलं नाही तरी चौकाचे चार खांब आणि दिंडी दरवाजा नव्या इमारतीच्या तळमजल्यावर बसवायची अट करारात घालता येते.

तुमच्यासारखीच पत्रं मला इतवारीतून, जुनी शुक्रवारीतून येतात, आणि बाहेरगावी गेलेल्या भावंडांचीही येतात. त्या भावंडांना माझी एक विनंती आहे. या वर्षी घरी याल तेव्हा फोटो काढण्याआधी माडीवर जा, गळकी जागा बघा, आणि फेरणीचे पैसे वहिनीच्या हातात देऊन निघा.

ताई, तुमच्याकडे अजून एक उन्हाळा आहे. कवेलू फेरणाऱ्या माणसाला एप्रिलमध्येच सांगून ठेवा; मे उलटला की तो कोणालाच सापडत नाही. फेरणी होईल तेव्हा मागच्या छपरावर चढायच्या आधी त्याला टेकू दाखवा आणि कुजलेल्या वाशांवर पाय देऊ नको म्हणून सांगा. आणि अहवाल आला की मला पुन्हा लिहा, खांबांवर खडूच्या रेघा कुठवर आल्या तेही कळवा. पुढचं त्याप्रमाणे बोलू.